‘घराण्यातच आहे’ : एका अर्ध्या उत्तराचे खंडन

स्वारगेट म्हणजे एसटीचा डेपो, शंकरशेठ रस्त्यावरचे पीएमपीएमएलचे मुख्यालय, जेधे चौकातल्या रिक्षा आणि जवळच गुलटेकडीचा मार्केट यार्ड. चालक, वाहक, मेकॅनिक, रिक्षावाले, हमाल, फेरीवाले, वाहतूक पोलीस अशा हजारो माणसांचे पोट या परिसरावर चालते. त्यांच्यापैकी एखाद्याला चाळिशी-पंचेचाळिशीत शुगर निघाली किंवा छातीत कळ आली, की दवाखान्यातला पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘‘वडिलांना होती का?’’ उत्तर ‘हो’ आले की चौकशी तिथेच थांबते. घराण्यातच आहे, असे डॉक्टर म्हणतात, नातेवाईक म्हणतात आणि काही दिवसांनी रोगी स्वतःही तेच म्हणू लागतो. तो दिवसाचे किती तास स्टिअरिंगवर असतो, कोणती हवा छातीत घेतो, मुक्कामी गाडीवर झोप किती मिळते, जेवण किती वाजता होते, हे प्रश्न मग विचारले जात नाहीत.

हे मत पूर्वी वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात असे. गेल्या वीस वर्षांत त्याला जनुकशास्त्राची प्रतिष्ठा मिळाली आहे. मधुमेहाचे जनुक सापडले, हृदयविकाराचे सापडले, अशा बातम्या वाचून सुशिक्षित माणूसही आता मानतो की दुखणे जन्मतःच लिहिलेले असते आणि काम फक्त निमित्त होते. या मताने दोन मोठे अपाय होतात. रोगी प्रयत्न सोडतो आणि ज्यांच्या हाती कामाची रचना आहे ते जबाबदारीतून सुटतात. म्हणून त्याचे खंडन करायला हवे, आणि तेही जनुकशास्त्राच्याच पुराव्याने.

पूर्वपक्ष

प्रतिपक्षाचे बळ कमी लेखून केलेले खंडन टिकत नाही. त्याचे चार युक्तिवाद आहेत आणि चारही वजनदार आहेत.

पहिला अनुभवाचा. एकाच डेपोत, एकाच प्रकारच्या ड्यूटीवर दोघांनी तीस वर्षे काढली. एकाला मधुमेह झाला, दुसरा निवृत्तीनंतरही ठणठणीत आहे. काम दोघांचे सारखे होते, तेव्हा फरक शरीरातच असला पाहिजे. दुसरा जुळ्यांचा. एकबीज जुळ्यांपैकी एकाला मधुमेह झाला तर दुसऱ्यालाही होण्याची शक्यता द्विबीज जुळ्यांपेक्षा बरीच जास्त असते. तिसरा प्रयोगशाळेचा. टीसीएफ७एल२ या जनुकाचा मधुमेहाशी संबंध २००६ मध्ये आणि एफटीओचा २००७ मध्ये युरोपीय लोकांत दिसला. पुढे पुण्यातल्या रुग्णांच्या रक्तातही तो सिद्ध झाला. चौथा हमालांच्या पाठीचा. फिनलंडमधील जुळ्या भावांच्या १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मणक्यांमधल्या चकत्यांच्या झिजेचा उलगडा वाहिलेल्या ओझ्यापेक्षा कौटुंबिक साम्यातून अधिक झाला.

याच मताची दुसरी बाजू टपरीवर ऐकू येते : ‘‘आमचे आजोबा नव्वदीपर्यंत तंबाखू मळत होते, काही झाले नाही.’’ हाही अनुवंशाचाच युक्तिवाद आहे. ज्याचे शरीर मजबूत त्याला काही होत नाही, ज्याचे कच्चे त्याला काहीही केले तरी होते.

यातली बहुतेक तथ्ये मला मान्य आहेत. माणसांच्या शरीरात जन्मजात फरक असतात, ते रोगाच्या शक्यतेवर परिणाम करतात आणि काही परिणाम मोठेही असतात. सिकलसेल किंवा थॅलेसेमियासारखे रोग तर जनुकातल्या दोषानेच होतात. माझा आक्षेप या तथ्यांवरून काढलेल्या निष्कर्षावर आहे.

खंडन

पहिला मुद्दा असा की घराण्यातून चालत येणारे सगळे जनुकांतून येत नाही. स्वारगेटपासून थोड्याच अंतरावर, रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात याचा भक्कम पुरावा उभा राहिला. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. या मातांचे सरासरी वजन गरोदरपणापूर्वी ४२ किलोच्या आसपास होते. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची जन्मली. इंग्लंडमधल्या साऊदम्प्टनची बाळे ३.५ किलोची होती. आपल्या बाळांत स्नायू बरेच कमी होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. ती दिसायला बारीक आणि आतून मेदाळ होती. ही मुले सहा वर्षांची झाल्यावर इन्सुलिनला सर्वाधिक प्रतिरोध कोणात आढळला? ज्यांच्या आयांच्या रक्तात गरोदरपणी बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्यात. म्हणजे मधुमेहाकडे नेणारा कल आईकडून मुलाकडे आला, पण त्याची एक वाट आईच्या पोषणातून गेली होती. तिचा आहार बदलता आला असता.

घराण्याबरोबर आणखीही पुष्कळ गोष्टी येतात. स्वयंपाकातले तेल-मीठ येते, मिश्री-तंबाखूची सवय येते, आणि कष्टकऱ्यांच्या बाबतीत कामही येते. एसटीत वडील सेवेत असताना वारले तर मुलगा अनुकंपा तत्त्वावर लागतो. हमालीत बापामागून मुलगा पाठीवर पोते घेतो. अशा घरात ‘वडिलांना होती’ या उत्तराचा एक अर्थ असाही असतो की वडिलांनीही हेच काम याच परिस्थितीत केले होते. बाप आणि मुलगा यांच्यात जनुके समान आहेत तशी ड्यूटीही समान आहे. त्यातले एकच वेचून त्याला कारण म्हणणे हा तर्कदोष आहे.

दुसरा मुद्दा ‘काम सारखे, फरक शरीरातला’ या अनुभवाच्या युक्तिवादाविषयी. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८५ मध्ये त्याचे मर्म दाखवून दिले. समजा, एखाद्या देशातला प्रत्येक माणूस रोज वीस सिगारेटी ओढतो. तिथे फुप्फुसाच्या कर्करोगाचा कोणीही कितीही काटेकोर अभ्यास केला तरी निष्कर्ष हाच निघेल की हा आनुवंशिक रोग आहे. धूर सगळ्यांच्या वाट्याला सारखा आहे, त्यामुळे रोगी आणि निरोगी यांच्यातला फरक धुराने दाखवता येणार नाही. तो फक्त शरीरांच्या फरकाने दाखवता येईल. रोगाचे मुख्य कारण सर्वत्र पसरलेले असेल तर ते दिसेनासे होते. स्वारगेटच्या डेपोत नेमके हेच घडते. सगळेच बसून आहेत, सगळ्यांच्याच पाळ्या फिरत्या आहेत, सगळेच डिझेलचा धूर घेतात. अशा ठिकाणी कोणाला रोग झाला याचे उत्तर पुष्कळदा अनुवंशाकडे बोट दाखवील. पण इतक्या जणांना का झाला, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर परिस्थितीत शोधावे लागते. जुळ्यांच्या अभ्यासालाही हीच मर्यादा आहे. त्यातून निघणारा अनुवंशाचा आकडा त्या काळाचा आणि त्या समाजाचा असतो. परिस्थिती बदलली की तो बदलतो.

परिस्थिती बदलल्यावर काय होते हे पाहायला दूर जावे लागत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्राच्या शहरी भागात मधुमेहाचे प्रमाण १०.९ टक्के आणि ग्रामीण भागात ६.५ टक्के आढळले. शहरात येणारा माणूस खेड्यातूनच येतो. येताना तो जनुके बदलून येत नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोनामधील पिमा आदिवासी आणि मेक्सिकोच्या डोंगरात शेती करणारे त्यांचेच भाऊबंद यांची तुलना २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. एका बाजूला मधुमेह ३८ टक्के, दुसऱ्या बाजूला ६.९ टक्के. वंश एक, रोगाचे प्रमाण पाचपटींहून अधिक वेगळे.

तिसरा मुद्दा टक्केवारीचा. ‘मधुमेह साठ टक्के अनुवंश, चाळीस टक्के सवयी’ अशी विभागणी सर्रास केली जाते. जिथे दोन कारणे मिळून काम करतात तिथे ही विभागणीच होऊ शकत नाही. मलेरियावर दिल्या जाणाऱ्या प्रायमाक्विन या गोळीचे उदाहरण पाहा. काही माणसांच्या तांबड्या पेशींत जी-६-पीडी हे विकर जन्मतः कमी असते. आपल्याकडे पारशी समाजात हे प्रमाण तुलनेने अधिक आहे. अशा माणसाने ही गोळी घेतली तर त्याच्या तांबड्या पेशी फुटू लागतात, आणि या दोषाचा शोधही १९५६ मध्ये याच गोळीमुळे लागला. दोष आहे पण गोळी घेतली नाही, तर माणूस सहसा आयुष्यभर निरोगी राहतो. गोळी घेतली पण दोष नाही, तरी काही होत नाही. मग त्या रक्तक्षयात जनुकाचा वाटा किती टक्के आणि गोळीचा किती? दोन्हींचा शंभर.

हेच कल्पित आकड्यांनी मांडू. समजा, एखादे जनुक असलेले आणि धुरात काम करणारे शंभर कामगार आहेत आणि त्यांच्यातले सहा आजारी पडतात. धूर काढून टाकला तर एकच आजारी पडला असता. जनुक नसते तर दोन पडले असते. म्हणजे सहांपैकी पाच धुरामुळे आणि चार जनुकामुळे. पाच आणि चार नऊ. आजारी मात्र सहाच. जे तीन दोन्हीकडे मोजले गेले त्यांच्या रोगाला दोन्ही कारणे लागली होती आणि कोणतेही एक काढले असते तरी ते वाचले असते. जनुकाचा वाटा मोठा निघाला म्हणून धुराचा वाटा लहान होत नाही. पूर्वपक्षाचा सगळा डोलारा नेमक्या याच चुकीच्या गृहीतावर उभा आहे.

चौथा मुद्दा इतिहासाचा. हा युक्तिवाद पूर्वी एकदा फार मोठ्या विद्वानाने केला होता. आधुनिक संख्याशास्त्राचे आणि जनुकशास्त्राचे एक प्रमुख शिल्पकार रोनाल्ड फिशर यांनी १९५७-५८ मध्ये असे प्रतिपादन केले की सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध जनुकांमुळे भासत असावा. एखादे जनुक माणसाला धूम्रपानाकडेही ओढत असेल आणि कर्करोगाकडेही. आधार म्हणून त्यांनी जुळ्यांचीच आकडेवारी दिली. फिशर तेव्हा ब्रिटिश तंबाखू उत्पादकांच्या समितीचे सल्लागार होते. पण त्यांचे म्हणणे हितसंबंधावरून फेटाळणे योग्य नाही. ते पुराव्यावर तपासले पाहिजे, आणि तसे ते तपासले गेले. १९५९ मध्ये जेरोम कॉर्नफील्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवले की धूम्रपान करणाऱ्यांत कर्करोग नऊपट असेल, तर त्याचा उलगडा करणारे ते कल्पित जनुक धूम्रपान करणाऱ्यांत किमान नऊपट अधिक आढळायला हवे. असे जनुक कोणाला दाखवता आले नाही. पुढे नॉर्डिक देशांतल्या अशा एकबीज जुळ्यांचा अभ्यास झाला, ज्यांच्यातला एक धूम्रपान करणारा आणि दुसरा न करणारा होता. जनुके तीच असूनही धूम्रपान करणाऱ्या जुळ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका पाचपटींहून अधिक निघाला.

या वादाचा शेवट आणखी बोधप्रद आहे. २००८ मध्ये तीन वेगवेगळ्या संशोधक गटांना पंधराव्या रंगसूत्रावर फुप्फुसाच्या कर्करोगाशी जोडलेला भाग खरोखर सापडला. निकोटिन ज्या ग्राहकांना (रिसेप्टर) जाऊन चिकटते त्यांची जनुके तिथे आहेत. या जनुकांचा एक विशिष्ट प्रकार ज्यांच्याकडे असतो ते जास्त सिगारेटी ओढतात आणि त्यांना कर्करोगही जास्त होतो. पण ज्यांनी कधीच धूम्रपान केले नाही, त्यांच्यात हा धोका जवळजवळ दिसतच नाही. म्हणजे जनुक आहे, आणि त्याचा परिणाम धुराच्या वाटेने होतो. धूर नसेल तर त्या जनुकाला करायला काही उरत नाही.

मंडन

इथून माझा सिद्धांत मांडतो. कामाच्या ठिकाणच्या आणि राहणीच्या घातक गोष्टींमुळे होणाऱ्या रोगांत जनुके बहुधा स्वतंत्रपणे रोग घडवीत नाहीत. बाहेरून येणाऱ्या माऱ्याचा परिणाम कोणाच्या शरीरावर किती होईल, हे ती ठरवतात. म्हणून एखाद्या रोगात जनुकाचा प्रभाव जितका स्पष्ट दिसेल, तितके तो मारा कमी करण्याचे कारण बळकट होते.

रंगाच्या कारखान्यांचे उदाहरण घ्या. बेंझिडिनसारखी रसायने हाताळणाऱ्यांना मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे फार पूर्वीपासून माहीत आहे. अशा रसायनांचा निचरा करणारे यकृतातले एक विकर एनएटी२ या जनुकामुळे काहींमध्ये सावकाश चालते. १९८२ मध्ये ब्रिटनमधल्या रंगकामगारांच्या अभ्यासात बेंझिडिनशी संबंध आलेल्या २३ कर्करोग्यांपैकी २२ जण या सावकाश गटातले निघाले. एवढ्यावर थांबलो असतो तर ‘शरीरच कच्चे’ हा निष्कर्ष पक्का वाटला असता. पण १९९३ मध्ये चीनमधल्या बेंझिडिन-कामगारांत असा संबंध आढळला नाही. जनुकाचा परिणाम ठिकाणानुसार पालटला. बेंझिडिन मात्र दोन्हीकडे घातकच ठरले. हाच सावकाशपणा आपल्याकडच्या निम्म्याहून अधिक लोकांत असतो आणि क्षयरोगाच्या आयसोनियाझिड या औषधामुळे डॉक्टरांना तो चांगला परिचित आहे. निम्म्याहून अधिक माणसे ज्या गटात मोडतात, त्याला कच्चेपणा म्हणणेच चूक आहे.

स्वारगेटच्या हवेकडे वळू. डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये निःसंदिग्धपणे जाहीर केले. त्या धुराचा त्रास सगळ्यांना सारखा होत नाही. जीएसटीएम१ या जनुकापासून तयार होणारे विकर शरीरातली काही घातक द्रव्ये निष्प्रभ करते. काही माणसांत हे जनुक मुळातच नसते; युरोपीय लोकांत तर जवळजवळ निम्म्या जणांत नसते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात ॲलर्जी असलेल्या स्वयंसेवकांच्या नाकात परागद्रव्याबरोबर डिझेलचे कण सोडले, तेव्हा हे जनुक नसलेल्यांची ॲलर्जीची प्रतिक्रिया अधिक तीव्र झाली. ‘मलाच का धाप लागते, शेजारच्याला का नाही?’ या प्रश्नाचे एक खरे उत्तर इथे आहे. त्याला धुराचा मारा जास्त लागतो. पण मारा धुराचाच असतो.

बसून राहण्याबद्दल तर सगळ्यांत जुना आणि सुंदर पुरावा बसगाड्यांतूनच मिळाला आहे. लंडनचे डॉक्टर जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडन ट्रान्सपोर्टच्या सुमारे ३१ हजार कर्मचाऱ्यांची माहिती प्रसिद्ध केली. दुमजली बसचा चालक पाळीभर बसून असे. वाहक तिकिटे फाडत दिवसाला पाचशे-साडेसातशे पायऱ्या चढत असे. हृदयविकार चालकांमध्ये लक्षणीय जास्त निघाला. यावर पूर्वपक्षाचा आक्षेप लगेच उभा राहतो : मुळात जाड होण्याकडे कल असलेली माणसेच चालक होत असतील. मॉरिस यांनी हा आक्षेप टाळला नाही. १९५६ मध्ये त्यांनी कर्मचाऱ्यांना दिलेल्या गणवेशांची मापे तपासली आणि चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर खरोखर मोठा असल्याचे प्रामाणिकपणे नोंदवले. पण शरीरयष्टीनुसार गट पाडले, तरी सडपातळ, मध्यम आणि स्थूल अशा तिन्ही गटांत वाहकच सुरक्षित राहिले. शरीराचा फरक खरा होता आणि कामाचा परिणामही खरा होता. पहिल्याने दुसरा पुसला गेला नाही.

पूर्वपक्षाचे लाडके जनुक एफटीओ हेही हीच साक्ष देते. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या कुटुंबांच्या अनेक पिढ्यांच्या नोंदी तपासल्यावर २०१५ मध्ये दिसले की या जनुकाचा वजनाशी संबंध १९४२ नंतर जन्मलेल्यांतच आढळतो. त्याआधीच्या पिढीत तो जवळजवळ नव्हताच. जनुक तेच होते. खाणे, वाहने आणि बैठे काम बदलले आणि मग ते जनुक बोलू लागले. २ लाख १८ हजार लोकांची माहिती एकत्र करून २०११ मध्ये दाखवण्यात आले की शारीरिक हालचाल करणाऱ्यांत या जनुकाचा स्थूलतेवरचा परिणाम सुमारे २७ टक्क्यांनी कमी होतो. हृदयविकाराबाबत २०१६ मध्ये असे आढळले की ज्यांचा आनुवंशिक धोका सर्वांत जास्त आहे त्यांच्यातही चांगल्या राहणीने तो जवळजवळ निम्म्यावर येतो.

फिरत्या पाळ्यांबद्दलही पुरावा आहे. ब्रिटनमधल्या अडीच लाखांहून अधिक लोकांच्या २०१८ मधल्या अभ्यासात रात्रपाळीसह अनियमित पाळ्या करणाऱ्यांत मधुमेह जास्त आढळला. जनुकांचा धोका कमी असो वा जास्त, पाळीचा हा संबंध तसाच राहिला. म्हणजे रातराणीवरच्या चालकाला ‘तुझ्या घरात शुगर नाही, तुला काही होणार नाही’ असे सांगणेही तितकेच चुकीचे आहे. आजोबांच्या नव्वदीचे उत्तरही यातच आहे. ते वाचले हे खरे. पण आपण त्यांच्यासारखे आहोत की नाही हे तंबाखू मळताना नातवाला कळत नसते. हमालाच्या पाठीचेही तसेच. फिनलंडच्या अभ्यासाने चकतीची झीज मोजली. पोत्याखाली मोडणारा गुडघा, निसटलेला पाय आणि बुडालेली मजुरी त्या मोजमापात येत नाही.

उरलेला आक्षेप

इथे एक हुशार आक्षेप निघतो. काहींना धोका जास्त असेल तर तपासणी करून त्यांना त्या कामापासूनच दूर ठेवावे. जे. बी. एस. हाल्डेन यांच्यासारख्या श्रमिकांची बाजू घेणाऱ्या शास्त्रज्ञानेही १९३८ मध्ये, कुंभारकामातल्या श्वासरोगाच्या संदर्भात, अशा निवडीची शक्यता बोलून दाखवली होती. त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. पण ही कल्पना आकड्यांत टिकत नाही आणि न्यायातही टिकत नाही.

बेरिलियम धातूच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसरोगात जनुकाचा संबंध असाधारण बळकट आहे. १९९३ च्या अभ्यासात रोग्यांपैकी ९७ टक्क्यांकडे एक विशिष्ट जनुकप्रकार होता. पण त्याच धुळीत काम करूनही निरोगी राहिलेल्यांपैकी ३० टक्क्यांकडेही तो होता. धुळीत काम करणाऱ्यांपैकी थोड्यांनाच हा रोग होतो, तेव्हा चाचणीने काढून टाकलेल्यांतले बहुतेक जण कधीच आजारी पडले नसते. इतक्या बळकट जनुकाची ही गत असेल, तर मधुमेह-हृदयविकाराच्या क्षीण परिणामांच्या शेकडो जनुकांवरून माणसांची निवड करणे निराधार आहे. आणि ज्यांना ‘मजबूत’ म्हणून आत ठेवले, त्यांच्यासाठी धूळ कमी करायची निकड कोणाला वाटणार?

चाचणी कोणाच्या उपयोगी पडते, हे अमेरिकेतल्या बर्लिंग्टन नॉर्दर्न सँटा फे या रेल्वे कंपनीच्या प्रकरणात दिसले. कामामुळे मनगटाची नस दबली अशी तक्रार करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या रक्ताची तिने त्यांना न सांगता जनुक-चाचणी करवली. २००१ मध्ये खटला झाला आणि २००२ मध्ये २२ लाख डॉलर देऊन तो मिटवावा लागला. २००८ मध्ये अमेरिकेने अशा भेदभावाला मनाई करणारा कायदा केला. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. तो व्हायला हवा.

आपल्या न्यायालयांनी मात्र या प्रश्नाचा गाभा फार पूर्वी ओळखला आहे. १९५० च्या दशकात मुंबई उच्च न्यायालयात मुंबई पोर्ट ट्रस्टच्या एका पहारेकऱ्याचे प्रकरण आले. त्याला आधीपासून हृदयविकार होता आणि कामानंतर तो वारला. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या न्यायालयाने तत्त्व घालून दिले की आधीचा रोग होता एवढ्यावरून भरपाई नाकारता येत नाही. कामाने त्या रोगात भर पडली किंवा मृत्यू लवकर ओढवला असेल, तर हक्क उभा राहतो. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केले की कामावर असताना झटका आला एवढ्यावरून काहीच गृहीत धरता येत नाही. कामाच्या ताणाशी कारणसंबंध दाखवावा लागतो. ही अट योग्य आहे. पण ती पूर्ण करायची तर कामाची नोंद हवी, आणि चौकशी घराण्यापाशी थांबली की ती नोंद कधीच होत नाही. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आरोग्य विम्यातले ‘आनुवंशिक विकारां’ना सरसकट वगळणारे कलम संदिग्ध आणि भेदभावाचे ठरवले, तेव्हा ‘आनुवंशिक’ या शेऱ्याने गरीब-मध्यमवर्गीय रोग्याचे किती नुकसान होते हे देशासमोर आले.

तेव्हा करायचे काय, हे स्पष्ट आहे. इटलीचे वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी १७०० मध्ये डॉक्टरांना सांगितले होते की रोग्याला त्याचा धंदा विचारा. आपल्या प्रत्येक केसपेपरवर कामाचे स्वरूप, तास, पाळी आणि धूर-धूळ यांची नोंद कौटुंबिक इतिहासाइतकीच सक्तीची असावी. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती हे माप साधारण म्हणून घालून दिले. वाहतूक कोंडीच्या आजच्या पुण्यात ते मोडले जाणार नाही असे वेळापत्रक आखणे व्यवस्थापनाच्या हाती आहे. ज्याच्या घरात मधुमेह किंवा हृदयविकार आहे त्याची तपासणी तिशीतच सुरू व्हावी आणि पगार न कापता त्याला फिरत्या पाळीतून आधी मोकळे करावे. अनुवंशाच्या माहितीचा खरा उपयोग हा आहे. धूर हटवता येतो, हे तर एसटीनेच दाखवले आहे. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली गाडी धावली आणि १ जून २०२२ रोजी त्याच मार्गावर विजेवरची शिवाई धावली. पुणे-नगरच्या माणसांची जनुके या चौऱ्याहत्तर वर्षांत बदललेली नाहीत आणि पुढच्या चौऱ्याहत्तर वर्षांतही बदलणार नाहीत. बदलता येते ते इंजिन, आसन, पाळी, पोत्याचे वजन, डबा खायची वेळ आणि गरोदर बाईच्या ताटातले अन्न. ज्याचे शरीर कमी सोसू शकते त्याला कमी सोसावे लागेल, अशी कामाची रचना करणे हे समाजाचे आणि मालकाचे कर्तव्य आहे, आणि कोणाच्याही वाडवडिलांचे नाव घेऊन ते टाळता येणार नाही.